फॅसिलिटी मॅनेजर नेमताना: यंत्रणेतून आलेला घ्यावा की सेवेतून आलेला?

इमारत चालवायला माणूस शोधायला बसलं की शेवटी बहुधा दोन प्रकारचे उमेदवार हातात राहतात. एक इंजिनिअर असतो. शिफ्ट सुपरवायझरपासून वर चढलेला, चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र), ट्रान्सफॉर्मर आणि डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) आवाजात वाढलेला. दुसरा हॉटेल किंवा हाउसकीपिंगमधून येतो. माणसं सांभाळणं, रोस्टर लावणं, चिडलेल्याला शांत करणं यात तो मुरलेला असतो. दोघांच्या बायोडेटावर पद एकच, पगाराची अपेक्षाही साधारण सारखीच. मी दोघांबरोबरही काम केलं आहे. त्यावरून माझं मत असं की पदवीपेक्षा एक वेगळाच प्रश्न आधी विचारावा: या इमारतीत कोणत्या बिघाडाची तक्रार येते आणि कोणत्या बिघाडाची येतच नाही?

स्वच्छतागृहातला साबण संपला की दहा मिनिटांत फोन येतो. लिफ्ट अडकली, एसी गार पडेना, कॅन्टीनच्या टेबलावर डाग राहिले, तरी तेच. ही बोलकी कामं. सेवेतून आलेला माणूस इथे फार सरस ठरतो. तक्रार बंद करण्याआधी तो तक्रार करणाऱ्याला उत्तर देतो. इंजिनिअर पुष्कळदा काम उरकतो आणि सांगायचं विसरतो, मग दुरुस्ती होऊनही लोकांची नाराजी तशीच राहते. हाउसकीपिंगच्या माणसांना नावाने हाक मारणं, रात्रपाळीला चहा मिळतो का ते पाहणं, कोण सारखं गैरहजर राहतंय आणि का, हे माहीत असणं यावर इमारतीची स्वच्छता जितकी टिकते, तितकी कोणत्याही चेकलिस्टवर टिकत नाही. हे कौशल्य हलकं समजू नये.

आता मुकी कामं. एका इमारतीत पहिल्याच फेरीत मला फायर पंपाचा सिलेक्टर स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर दिसला. आग लागून पाइपातला दाब उतरला असता तरी पंप आपोआप सुरू झाला नसता. लॉगबुकात मात्र रोज 'ओके' आणि खाली सही. सही करणारा मुलगा खोटारडा नव्हता. पंप जागेवर आहे एवढंच पाहायला त्याला शिकवलं होतं. तिथला मॅनेजर लोकांचा लाडका होता, इमारत लखलखीत होती आणि पंप रूममध्ये तो कित्येक महिन्यांत उतरलाच नव्हता.

कूलिंग टॉवरचंही, म्हणजे एसी यंत्रणेचं तापलेलं पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याचंही, तसंच. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने ३४ जण दगावले. पुढच्या वर्षी त्यामागचा जीवाणू सापडला, त्याचं नाव लीजिओनेला. हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेतून तो पसरला असं मानलं जातं. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हा जीवाणू वाढतो. म्हणून साठवलेलं गरम पाणी ६० अंशांवर आणि गार पाणी २० अंशांखाली ठेवायचं, टॉवरच्या पाण्यावर नियमित प्रक्रिया करायची. यातलं काहीही चुकलं तरी हेल्पडेस्कवर एकही तिकीट (तक्रारीची नोंद) पडत नाही.

डीजी सेट सतत ३० टक्क्यांहून कमी लोडवर चालवला तर न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साठत जातं. दर आठवड्याला बिनलोड चालवून 'टेस्ट झाली' लिहिणारा माणूस नकळत मशीन बिघडवत असतो. एएचयूच्या (इमारतीत गार हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या) पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर तत्त्वतः वीज जवळपास निम्मीच लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे ठाऊक असलेला मॅनेजर वीजबिलात जे वाचवतो, ते साफसफाईच्या कंत्राटात घासाघीस करून कधीच वाचत नाही.

म्हणजे इंजिनिअरच घ्यावा का? इतकं सरळ नाही. इफ्मा या फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या व्यवसायासाठी ११ मूलभूत क्षमता ठरवल्या आहेत. त्यातली थेट देखभाल-दुरुस्तीची एकच. बाकीच्यांत पैसा, जोखीम, संवाद, नेतृत्व, जागेचं नियोजन असे विषय येतात. चांगला तंत्रज्ञ इथेच अडतो. नवा चिलर का हवा हे त्याला पक्कं माहीत असतं, पण वित्त विभागासमोर तो कॉम्प्रेसरबद्दल बोलत बसतो. यंत्राची किंमत, पुढच्या दहा वर्षांची वीज आणि दुरुस्ती, बंद पडल्यास होणारं नुकसान अशी मांडणी केली असती तर मंजुरी मिळाली असती.

एका बाबतीत मात्र दोघेही सारखेच कच्चे निघतात, ते म्हणजे कंत्राट. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) कोणते सुटे भाग धरले आहेत, व्हेंडरने किती तासांत यायचं, आणि 'आला' म्हणजे गेटवर पोचला की काम सुरू केलं, हे आधी लिहिलेलं नसेल तर ऐन बिघाडात वाद घालत बसावं लागतं. मुलाखतीत प्रत्येकाला एक खरा करारनामा वाचायला द्या आणि त्यातल्या पळवाटा दाखवायला सांगा.

निवड करताना माझा कौल असा. रुग्णालय, डेटा सेंटर, प्रयोगशाळा, उंच इमारत: यंत्रणेतला माणूस घ्या, बोलायला तो शिकेल. यंत्रसामग्री थोडी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता मोठा असेल, किंवा हाताखाली भक्कम चीफ इंजिनिअर आधीपासून असेल, तर सेवेतला माणूस जास्त उपयोगी पडेल. मधल्या आकाराच्या ऑफिसात मन दोलायमान होतं. तिथे मी इंजिनिअरकडे झुकतो, पण सहायक म्हणून सेवेतला माणूस घेण्याची तरतूद पहिल्याच बजेटमध्ये करून. ती पुढे ढकलली की राहूनच जाते.

शेवटच्या फेरीत उमेदवाराला खुर्चीत बसवू नका. त्याच्याबरोबर तळघरापासून गच्चीपर्यंत तासभर फिरा आणि स्वतः काही बोलू नका. तो कुठे थांबतो, कोणतं पॅनल उघडायला सांगतो, जिना पुसणाऱ्या बाईंशी कसा बोलतो, आपत्कालीन दरवाजासमोर रचलेले खोके त्याला खटकतात का, एवढं टिपून ठेवा.