७०:३०ची इन्स्टंट कॉफी: गरोदरपणाच्या हिशेबाने

चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली इन्स्टंट कॉफी सोलापुरात गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळते. गरोदर बाईसाठी शुद्ध, मिश्र आणि डिकॅफ (कॅफिन काढलेली) या तिघींतून निवडायचं, तर रोजच्या कपाला आमचं मत मिश्र पावडरीला. आणि ते चवीवर नाही. कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे पाकिटावर छापावंच लागतं. चिकोरीत कॅफिन नसतं. इन्स्टंट कॉफीत वजनाच्या साधारण ३ टक्के कॅफिन धरलं, तर २ ग्रॅम शुद्ध पावडरीत ६० मिलिग्रॅम, ७०:३०मध्ये, म्हणजे ७० टक्के कॉफी आणि ३० टक्के चिकोरीत, ४०च्या आसपास.

घोळ होतो तो चमच्यात. सपाट चहाचा चमचा दीड-दोन ग्रॅमचा. शीग लावून भरला की जवळपास दुप्पट. साखर घालून फेटायच्या कॉफीत तर एका कपाला दोन चमचे सहज जातात. वरून दूध कितीही ओता, कॅफिन तेवढंच राहतं. पाकिटावर मिलिग्रॅमचा आकडा मात्र सहसा नसतो, ही मोठीच उणीव.

जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका म्हणते; ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा २००वर थांबते. आम्ही २००च धरतो. कॅफिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि ते मोडणारी यंत्रणा बाळाकडे तयार नसते. आईचीही मंदावते: एरवी पाचेक तासांत निम्मं होणाऱ्या कॅफिनला शेवटच्या तिमाहीत १५ तास लागू शकतात. म्हणजे सकाळच्या कॉफीचा बराच भाग रात्री अंगात असतोच, वर संध्याकाळचा कप. झोप उडते, छातीत धडधडतं, जळजळ वाढते. बाळाचं वजन कमी भरणं आणि गर्भपाताचा वाढलेला धोका, या दोन्हींचा जास्त कॅफिनशी संबंध दिसून आला आहे.

सपाट चमच्याचे दोन कप २००मध्ये आरामात बसतात. पण चहा कोण मोजतं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन. सोलापूरच्या पूर्वभागात जिथे मागावरच्या माणसांसाठी दिवसभर आधण चढतं, तिथे अर्धा-अर्धा कप म्हणत चार वेळा झालेला चहा हिशेबात धराच. शिवाय चहा-कॉफीने लोह नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा-कॉफी त्याआधी तासभर आणि नंतर दोन तास नको.

फिल्टर कॉफी याहून कडक, १५० मिलीच्या कपात ८० ते १२० मिलिग्रॅम. घरात तीच चालत असेल तर दिवसाला एकच कप.

डिकॅफ पूर्ण कॅफिनमुक्त नसते, कपामागे २ ते ५ मिलिग्रॅम उरतं. पण संध्याकाळी कॉफीशिवाय चैनच पडत नसेल, तर जास्तीचे पैसे तिच्यावर घालावेत. एकदम सगळं बंद केलं की डोकं ठणकतं, म्हणून आठवडाभरात पाव-पाव चमचा कमी करत या. ठणकलंच, तर मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिनच असतं.