कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी: 2 वर्षांचा अनुभव आणि एका दिव्याची तक्रार

सेट घेऊन 11 महिने झाले होते. नवरात्राच्या आधी अकोल्यात एका किचनची दारं लावायची होती. पेटी उघडली, ट्रिगर दाबला, मशीन हूं की चूं नाही. बॅटरी चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकायला लागला, तो काही हिरवा होईना. पावसाळाभर वर्कशॉपमध्येच काम होतं, वायरची मशीन चालत होती, म्हणून ही बॅटरी जूनपासून ड्रिललाच लावलेली पेटीत पडून होती.

सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या पोराने चार्जरला लावून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरी डेड. नवी घ्या, 3,200 रुपये." मशीनची वॉरंटी 1 वर्षाची, बॅटरीची मात्र 6 महिन्यांची. का गेली विचारलं तर "वापर जास्त झाला असेल". 4 महिने पेटीबाहेर न आलेल्या बॅटरीचा वापर जास्त! मी अर्धा तास भांडलो. दोन बॅटऱ्यांचा सेट 9,000 ला घेतलेला, त्यातल्या एकीसाठी 3,200 कुठून काढायचे? त्या दिवशी लिहायला बसलो असतो तर एकही तारा दिला नसता.

मग आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे ती खोलली. आत 5 सेल, प्रत्येक 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब, म्हणून नाव 18650. काकांनी एकेक मोजला. चार सेल 2.9 च्या आसपास आणि कडेचा एक 1.4 व्होल्ट. पूर्ण भरलेला सेल 4.2 ला असतो, 2.5 च्या खाली गेला की नुकसान सुरू. मी मेच्या अखेरीस ती पार रिकामी करून ठेवली होती, कारण दुकानदाराने सांगितलं होतं, "पूर्ण संपवूनच चार्ज करा, लाइफ वाढते." ते जुन्या निकेल-कॅडमियमचं शास्त्र. लिथियमची बॅटरी पडल्या पडल्याही थोडी थोडी उतरते, आतली सर्किटची पट्टीही थोडा करंट खात असते. आधीच रिकामी असली की 4 महिन्यांत खड्ड्यात जाते, आणि चार्जर तिला घेत नाही. ते बरोबरच आहे. दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून "धक्का" द्यायला मला दोघांनी सांगितलं. काकांनी साफ नाही म्हटलं: इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये तांबं विरघळतं, चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते.

म्हणजे कंपनीवरचा माझा अर्धा राग तिथेच उतरला. नवी बॅटरी घेतली आणि सवयी बदलल्या.

सगळ्यात मोठी गोष्ट उन्हाची. विदर्भातला मे सांगायला नको. पहिल्या उन्हाळ्यात पेटी गाडीच्या टपावर असायची आणि बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापलेली असतानाच चार्जरला जायची. माहितीपुस्तिकेत चार्जिंगची वरची मर्यादा 40 अंश लिहिली आहे, दुपारी आमच्याकडे सावलीतच त्याहून जास्त असतं. आता चार्जिंग पहाटे किंवा रात्री. साइटवर एक बॅटरी चालते, दुसरी घरमालकाच्या शहाबादी फरशीवर निवत असते. तळहात टेकवून कोमट लागली तरी थांबतो.

दुसरं, बिजागरीच्या वाटीचं 35 मिलिमीटरचं भोक. ते मी 2 नंबर गिअरवर, बोथट बिटने पाडायचो. मशीन कण्हायची, प्लायवुडमधून धूर यायचा आणि 20-25 भोकांत बॅटरी गरम. आता 1 नंबर गिअर आणि धार लावलेली बिट. त्याच चार्जिंगमध्ये 40 च्या पुढे जातो, बॅटरी जेमतेम कोमट. भिंतीत स्क्रूच्या गिट्टीसाठी भोक पाडायचं असेल तर सरळ वायरची हॅमर मशीन काढतो. मशीन मंदावली की तिथेच थांबतो, शेवटचे चार स्क्रू ओढत बसत नाही.

पण माझी खरी तक्रार अजून तशीच आहे: या बॅटरीवर चार्ज दाखवणारे दिवे नाहीत. इतर कितीतरी बॅटऱ्यांवर एक बटण आणि तीन-चार ठिपके असतात. याच कंपनीच्या वरच्या मॉडेलवर आहेत, आमच्यावर नाहीत. किती असा खर्च वाचवला? पेटीत ठेवताना एक ठिपका लाल दिसला असता तर माझे 3,200 वाचले असते. कारागिराने अंदाजाने चालवायचं आणि अंदाज चुकला की नवी बॅटरी विकत घ्यायची, हे मला पटत नाही. आता व्होल्ट मोजायचा 300 रुपयांचा मल्टिमीटर पेटीतच ठेवतो. मीटरची टोकं एकमेकांना लागू न देता मोजायचं, 18.5 व्होल्टच्या आसपास म्हणजे साधारण अर्धी. ठेवून द्यायची असेल तर तेवढीच भरून, मशीनमधून काढून, मास्किंग टेपवर तारीख आणि आकडा लिहून ठेवतो. महिन्याने पुन्हा बघतो.

दुसरा उन्हाळा आणि दुसरा पावसाळा असा गेला. सेटमधली उरलेली बॅटरी 2 वर्षांची झाली, पूर्वीइतकं नाही तरी एका किचनची सगळी हँडल्स आणि चॅनेल एका दमात लावते. मशीनबद्दल काही म्हणणं नाही: बिट पकडणारा चक घट्ट आहे, स्क्रू पुरा बसला की क्लच नीट सुटतो. याच किमतीच्या आसपास दिव्यांची बॅटरी मिळत असेल तर मात्र ती घ्या, 400-500 जास्त गेले तरी.

मेलेली बॅटरी भंगारवाल्याला दिली नाही. तीच घेऊन पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेलो. आधी "आम्ही घेत नाही" म्हणाले. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, हे सांगितल्यावर आतून साहेब आले आणि ठेवून घेतली. पावती मागितली, तीही दिली.