हिरव्या रंगाखाली निघाला दाबलेला भुसा: व्हॅनिटी युनिटच्या खरेदीत झालेली फसवणूक

नागपुरातील एका दुकानातून आम्ही बाथरूमसाठी गडद हिरव्या रंगाचे, भिंतीला न टांगता जमिनीवर उभे राहणारे तीन फुटी व्हॅनिटी युनिट (बेसिनखालचे कपाट) घेतले. दुकानाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘७१० मरीन प्लाय, पीयू फिनिश’, म्हणजे पाण्यात टिकणारे प्लायवूड आणि त्यावर पॉलियुरेथेनचा रंग, असे स्पष्ट लिहिलेले होते. पावसाळा सुरू झाल्यानंतर जे उघडकीस आले त्यानुसार आत साधा एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा बोर्ड, होता आणि त्यावर पीयू रंग नसून चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म होती. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले आहे. परंतु फसवणुकीची पद्धत अशी आहे की रंगीत युनिट घेणाऱ्या कोणालाही तिचा फटका बसू शकतो.

साध्या प्लायचे कपाट उघडून कडेला पाहिले, तर एकावर एक चिकटवलेले थर दिसतात. रंगीत युनिटमध्ये कडा, कोपरे, आतली बाजू असे सगळेच एकसंध रंगाने झाकलेले असते, आणि ग्राहकही छटा कोणती, चकाकी हवी की मॅट, टाइल्सवर कोणती शोभेल, याच विचारात असतो. विक्रेत्याने आम्हाला मोरपंखी, मोहरी आणि बाटली हिरवा असे नमुने दाखवले, आयएसआयचा शिक्का असलेला प्लायचा तुकडा हातात दिला, आणि ‘काका, वजन तर बघा’ म्हणून दुकानातल्या युनिटचा ड्रॉवर उचलायला लावला. वजनावरून भक्कमपणा ठरवणे चुकीचे आहे, कारण एमडीएफ बहुधा प्लायपेक्षा जडच असतो. दुकानात ठेवलेले युनिट खरोखर प्लायचे होते की नव्हते, हे आता सांगता येणार नाही. घरी आलेले मात्र दुसरेच होते.

‘७१०’ हा आकडा आयएस ७१० या भारतीय मानकाचा आहे. त्या दर्जाच्या प्लायचे थर फिनॉलिक रेझिन या पाण्याला टिकणाऱ्या डिंकाने जोडलेले असतात आणि नमुना ७२ तास पाण्यात उकळूनही ते सुटता कामा नयेत, अशी त्याची कसोटी आहे. एमडीएफ लाकडाचे तंतू दाबून बनवलेला असतो. त्याची एक कड जरी उघडी राहिली, तरी तेथून पाणी शिरते, बोर्ड फुगतो, आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. आपल्याकडे बाथरूमची संपूर्ण फरशी पाणी ओतून धुतली जाते, त्यामुळे जमिनीवर उभ्या असलेल्या युनिटचा तळ रोज भिजतो.

उन्हाळाभर काहीच कळले नाही. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की निकृष्ट बोर्डसुद्धा गुणी मुलासारखा वागतो. एवढेच दिसले, की खिडकीकडच्या कोपऱ्यावरचा ‘रंग’ किंचित उचलला गेला होता. पीयूचा थर असा सोलून निघत नाही. उष्णतेने डिंक सुटून फिल्म निघते. पावसाळ्यात खालची पट्टी जाड झाली, दार चौकटीत बसेनासे झाले, आणि बॉटल ट्रॅपसाठी (बेसिनखालच्या सांडपाण्याच्या जोडणीसाठी) पाडलेल्या भोकाच्या कडेने तपकिरी चुरा गळू लागला. प्लंबरने ते भोक दाखवले. सुताराने मागचा एक स्क्रू काढला, चिमूटभर चुरा हातावर घेतला आणि म्हणाला, ‘साहेब, हा तर दाबलेला भुसा आहे, प्लायचा एकही पापुद्रा नाही.’

दुकानदाराचे पहिले उत्तर असे होते, की तुमच्याकडे बोअरचे पाणी आहे, त्याने कोणताही रंग खराब होणारच. जड पाण्याने गडद रंगावर क्षारांचे पांढरे डाग पडतात, हे खरे आहे. परंतु डाग पडणे वेगळे आणि बोर्ड फुगणे वेगळे; क्षारांनी प्लायचा एमडीएफ होत नाही. दुसरे उत्तर अधिक सावध होते. बिलावर ‘बाथरूम फर्निचर, ग्रीन’ एवढेच लिहिले आहे, प्लाय कुठे लिहिले आहे, असे त्यांनी विचारले. पक्क्या बिलासाठी १८ टक्के जीएसटी घेताना माल कशाचा आहे ते गाळायचे आणि तक्रार आली की त्याच बिलाकडे बोट दाखवायचे, असा हा खाक्या आहे. आमच्याकडे कोटेशनचा संदेश असल्यामुळे त्यांनी अखेरीस अर्धी रक्कम देऊ केली, ती आम्ही नाकारली.

ज्यांना असे युनिट घ्यायचे आहे त्यांनी बोर्डाचा प्रकार, जाडी, मानकाचा क्रमांक आणि रंगाची पद्धत बिलावरच लिहून घ्यावी. ऑर्डर देऊन करून घेत असाल, तर भिंतीकडची एखादी पट्टी रंगाविना ठेवायला सांगावी आणि रंग लावण्यापूर्वी बोर्डावरचा शिक्का पाहावा. त्यातला परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. तयार युनिटमध्ये पाइपचे भोक आणि बिजागरीच्या स्क्रूची छिद्रे पाहावीत, कारण तेथे रंग पोहोचलेला नसतो. ही भोके बसवणीनंतर सील झाली नाहीत, तर चांगल्या प्लायलाही धोका असतो. पाय स्टीलचे किंवा पीव्हीसीचे असावेत. बिजागरीला चुंबक चिकटत नाही म्हणजे ती सहजासहजी न गंजणाऱ्या ३०४ दर्जाच्या स्टीलची आहे, हे मात्र खरे मानू नये. स्वस्त २०२ स्टीललाही ते सहसा चिकटत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि वस्तूच्या दर्जाविषयी खोटे सांगणेही त्यातच मोडते. तक्रार दोन वर्षांच्या आत, स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. आमच्या बाबतीत त्यातून काही निघाले नाही, म्हणून आयोगाकडे जावे लागले. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यामुळे फुगलेले युनिट आम्ही भंगारवाल्याला दिलेले नाही. ते गॅलरीत ताडपत्रीखाली ठेवले आहे, आणि प्लंबरने दाखवलेल्या भोकाचे तारखेसह फोटो तक्रारीला जोडले आहेत.