अंबडला टँकरने येणारं २३ टक्के ओलियम: माल उत्तम, उतरवणं कच्चं

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नरला बॅच पद्धतीने ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा सल्फोनिक ॲसिडचा कच्चा माल) काढणाऱ्या छोट्या युनिटसाठी हा रिव्ह्यू आहे. माल २३ टक्के ओलियम, म्हणजे शंभर किलोत २३ किलो मोकळा सल्फर ट्रायऑक्साइड आणि बाकीचं १०० टक्के सल्फ्युरिक.

नुसत्या ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडने लॅब (LAB, म्हणजे लिनियर अल्काइल बेंझिन हे तेल) सल्फोनेट करायला, म्हणजे त्याला सल्फोनिक गट जोडायला गेलं की सुटणारं पाणी ॲसिड पातळ करतं आणि रिॲक्शन मध्येच अडते. ओलियममधला ट्रायऑक्साइड ते पाणी होऊच देत नाही. १०० किलो लॅबला ११० ते १२० किलो ओलियम हळूहळू सोडायचं आणि तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. कूलिंग कमी पडलं की स्लरी काळपट होते, आणि तो रंग नंतर जात नाही.

मालाची स्ट्रेंग्थ सर्टिफिकेटप्रमाणे निघते, हे मोठंच समाधान. तरी गेटवर तपासणी हवीच. मोकळा ट्रायऑक्साइडही सल्फ्युरिकमध्ये मोजला की २३ टक्क्यांची एकूण ॲसिडिटी १०५.१८ टक्के येते, २० टक्क्यांची १०४.५. फरक पाऊण टक्काही नाही, पण २३ ऐवजी २० आलं तर १२० किलोंच्या चार्जमध्ये साडेतीन किलोंहून जास्त ट्रायऑक्साइड कमी पडतो आणि फ्री ऑइल, म्हणजे रिॲक्शन न झालेलं तेल, वाढतं. नमुना पातळ काचेच्या बल्बमध्ये ओढून टोक वितळवून बंद करा, वजन घ्या आणि बूच घट्ट लावलेल्या जाड बाटलीत, पाण्यात फोडा. पांढरं धुकं पूर्ण बसेपर्यंत थांबा. बूच लवकर निघालं तर ट्रायऑक्साइड उडून जातो, आकडा कमी येतो आणि दोष विनाकारण पुरवठादारावर जातो.

तक्रार आहे ती उतरवण्याबद्दल. होजच्या जोडावर साधं रबर गॅस्केट लावून टँकर पाठवणं अजिबात चालणार नाही, तिथे पीटीएफईच (टेफ्लॉन) हवं. व्हेंट (टाकीतली वाफ बाहेर सोडणारी नळी) पाण्याच्या पिंपात सोडायचा सल्लाही चुकीचा, कारण पाण्यावर ट्रायऑक्साइडपासून सल्फ्युरिक ॲसिडचं, पाण्यात सहज न शोषलं जाणारं धुकं तयार होतं. स्क्रबरमध्ये (वाफ शोषून घेणाऱ्या टॉवरमध्ये) ९८ टक्के ॲसिडच लागतं. आपल्याकडे लाइनवर जुना कास्ट आयर्नचा व्हॉल्व्ह असेल तर तो आधी काढा, ओलियमने कास्ट आयर्न तडकतं.

‘थोडं स्ट्राँग घ्या, स्पेंट (वापरून उरलेलं ॲसिड) कमी पडेल’ म्हणून ३० टक्क्यांचा माल गळ्यात मारला जातो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली उतरला की तो माल लाइनमध्येच गोठून बसतो. ४५ टक्क्यांच्या आसपास तर गोठणबिंदू ३६ अंशांवर जातो. गोठलेल्या लाइनला बर्नर लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. इन्सुलेशन आणि इलेक्ट्रिक ट्रेसिंगची (पाइपला गुंडाळलेल्या हीटिंग केबलची) सोय नसेल तर २३ च बरं.

भावाची बोलणी करताना मात्र स्पेंट ॲसिडचा विषय आधी काढा. रिॲक्शननंतर २० ते २५ किलो पाणी सावकाश घालून थर वेगळे केले की १०० किलो लॅबमागे जवळपास तेवढंच, ७५ ते ७८ टक्क्यांचं स्पेंट ॲसिड खाली बसतं. ते उघड्या नाल्याला जाता कामा नये. ते घेणाऱ्याकडे परवानगी आहे का, फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (घातक कचरा नेण्याची नोंद) कोण भरणार आणि टँकर कुणाचा, हे लेखी घ्या. किलोमागे रुपया-दोन रुपये स्वस्त ओलियम घेऊन स्पेंटची टाकी भरली, तर दुसऱ्या दिवशी प्लांट बंद ठेवावा लागतो.