एल्कच्या शिकारीसाठी ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम: चार हंगामांनंतरचे परीक्षण

कोलोरॅडोच्या वायव्य भागात, मीकर आणि क्रेग या गावांच्या आसपास, एल्क या मोठ्या हरणवर्गीय प्राण्याच्या शिकारीला जाणाऱ्या माणसाला एकाच दिवसात दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या जागा भेटतात. सकाळी सेजच्या झुडपांनी भरलेल्या उघड्या माळावर समोरचा कळप तीनशे यार्डांपेक्षा जवळ येत नाही, आणि दुपारी फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागाच्या दाट स्प्रूस-वनात शिरल्यावर तोच प्राणी साठ यार्डांवर, दोन खोडांच्या मध्ये, अर्धाच दिसतो. या दोन्ही ठिकाणी एकाच रायफलने काम भागावे, या हेतूने चार हंगामांपूर्वी मी ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम हे काडतूस निवडले (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचे, जास्त ताकदीचे काडतूस). निवडताना ज्या गुणासाठी ते घेतले, तो गुण मला अपेक्षेहून कमी महत्त्वाचा वाटला आणि ज्या गुणाचा मी विचारही केला नव्हता त्यानेच ही निवड योग्य ठरवली, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे हा मजकूर अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना एरवी येथे बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्या मनाईचा एक अपवाद आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. परवान्याआधी बंदूक घेण्याची घाई करू नये.

आता काडतुसाकडे वळू. रेमिंग्टनने ते १९६२ मध्ये आपल्या मॉडेल ७०० या रायफलीबरोबर बाजारात आणले. त्याचे पितळी कवच १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड या आफ्रिकेतल्या शिकारीच्या काडतुसापासून उतरलेले आहे, आणि म्हणूनच त्याच्या बुडाशी तो प्रसिद्ध उंच पट्टा, म्हणजे बेल्ट, आहे. हा पट्टा कवचाला बळकटी देतो असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. निमुळत्या कवचाचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, नेमके किती आत बसावे हे ठरवण्यासाठी तो मुळात घातला गेला. ७ एमएमच्या कवचाला खांदा, म्हणजे तोंडाकडे अरुंद होणारा भाग, चांगला ठळक असल्यामुळे त्याची येथे गरजही नाही. घरी काडतुसे पुन्हा भरणाऱ्यांना मात्र तो त्रास देतो, कारण पट्ट्याच्या लगेच वर पितळ ताणले जाऊन काही वेळा भरल्यानंतर तेथेच तडकते. गोळीचा व्यास .२८४ इंच आहे. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी ही रायफलदेखील याच व्यासाची गोळी मारीत असे, फक्त बऱ्याच कमी वेगाने. कुमाऊँच्या त्या कथांवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला सात मिलिमीटरचे थोडे अधिक कौतुक असल्यास वाचकांनी ते समजून घ्यावे.

या काडतुसाची ख्याती आहे ती सपाट माऱ्याबद्दल. नळीतून सुटलेली गोळी पहिल्या क्षणापासून खाली पडू लागते. ती जितकी वेगवान आणि हवेला जितकी कमी अडणारी, तितके ठरावीक अंतरापर्यंत तिचे पडणे कमी. माझी नेहमीची गोळी १६० ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.४ ग्रॅमची असून २४ इंची नळीतून ती सेकंदाला साधारण २९५० फूट वेगाने निघते. २०० यार्डांवर नेम बरोबर जुळवला तर ३०० यार्डांवर ती सुमारे ७ इंच आणि ४०० यार्डांवर सुमारे १९ इंच खाली लागते. हे आकडे पाहून मी प्रथम हरखून गेलो होतो. मग त्याच कागदावर जुन्या .३०-०६ या काडतुसाचे, १८० ग्रेनच्या गोळीचे आणि २७०० फूट वेगाचे आकडे मांडले, तेव्हा ३०० यार्डांवर फरक जेमतेम दीड इंचाचा आणि ४०० यार्डांवर चारेक इंचांचा निघाला. एल्कच्या फुप्फुसांचा भाग फूटभर तरी रुंद असतो हे लक्षात घेतले, तर ज्या अंतरावर बहुतेक माणसे गोळी झाडतात आणि झाडावी, त्या अंतरावर या सपाटपणाने शिकार मिळते किंवा हुकते असे म्हणणे कठीण आहे.

एकेकाळी हा फरक मोलाचा होता. अंतर डोळ्यांनी जोखावे लागे आणि ३०० यार्डांचा अंदाज ३७० निघाला तर सावज जखमी होऊन निघून जाई. आज लेझरचे अंतरमापक यंत्र प्रत्येकाच्या गळ्यात असते, आणि अंतर कळल्यावर गोळी किती पडणार ही केवळ आकडेमोड उरते. वाऱ्याचे तसे नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा माझ्या गोळीला ३०० यार्डांवर ५ इंचांहून थोडे अधिक आणि ४०० यार्डांवर ९ ते १० इंच बाजूला नेतो. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. नऊ-दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत ते कमी होतात, पण तेथील वारा दरीच्या या काठावर एक दिशा घेतो आणि पलीकडच्या काठावर दुसरी. कोणतेही यंत्र तो मधला वारा खात्रीने सांगत नाही. म्हणून दुकानात विक्रेता सपाट माऱ्याचा तक्ता पुढे करतो तेव्हा खाली पडण्याचा रकाना सोडून वाऱ्याचा रकाना आधी वाचावा. त्या रकान्यात लांब, निमुळत्या आणि वजनदार ७ एमएम गोळ्या खरोखर चांगल्या ठरतात.

मी स्वतः नेम २५० यार्डांवर जुळवून ठेवतो. त्यामुळे गोळी १०० यार्डांवर अडीच इंच वर आणि ३०० यार्डांवर तीन-साडेतीन इंच खाली लागते, आणि तीनशेच्या आत दुर्बिणीची चकती फिरवण्याची गरज राहत नाही. तीनशेच्या पुढे मी गोळी झाडत नाही. हे काडतूस त्यापुढेही पुरेसे समर्थ आहे. माझा हात नाही.

या निवडीचे खरे समर्थन खांद्याला विचारावे. पहिल्या वर्षी एका स्नेह्याने आपली .३०० विंचेस्टर मॅग्नम मला वापरायला दिली होती. १९६३ मध्ये आलेले ते काडतूस उत्तमच आहे, १८० ग्रेनची गोळी ते जवळपास ७ एमएमच्याच वेगाने आणि अधिक ऊर्जेने फेकते. परंतु साडेआठ पाउंडांच्या रायफलीत त्याचा धक्का सुमारे २६ फूट-पाउंड (ऊर्जेचे माप) भरतो, तर तितक्याच वजनाच्या रायफलीत ७ एमएमचा धक्का विशीच्या आसपास राहतो. कागदावर सहाचा फरक किरकोळ वाटतो. मैदानावर विसाव्या काडतुसानंतर मी चाप ओढण्याआधीच डोळे मिटत होतो, आणि ही गोष्ट मला कळली तीही स्नेह्याने गुपचूप एक रिकामे काडतूस भरून ठेवल्यामुळे: चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि नळी मात्र वीतभर खाली गेली. ज्या काडतुसाची भीती वाटते त्याचा सराव माणूस टाळतो, आणि सराव टाळणाऱ्याला कोणतीही सपाट गोळी वाचवू शकत नाही. ७ एमएमवर मी एका बैठकीत तीस गोळ्या झाडू शकतो. कानांवर दुहेरी संरक्षण मात्र घ्यावेच लागते, कारण आवाज अतिशय कर्कश आहे.

गोळीच्या निवडीबाबत दुसऱ्या हंगामात मला एक महागडा धडा मिळाला. मी स्वस्त, साध्या बनावटीची, मऊ शिशाची आणि पातळ तांब्याच्या आवरणाची गोळी घेऊन गेलो होतो. दाट वनात सत्तर यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. गोळी खांद्याच्या हाडावर लागली आणि तेथेच फुटून तिचे तुकडे झाले. दुसरी गोळी लगेच झाडता आली म्हणून प्राण्याचे हाल लांबले नाहीत, पण ते माझ्या मनात राहून गेले. जवळच्या अंतरावर मॅग्नमचा वेग हा गोळीचा शत्रू असतो. ही अडचण जुनी आहे: १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूस या अजस्र हरणावर शिकारी जॉन नोस्लर यांच्या वेगवान .३०० मॅग्नमच्या गोळ्या आत शिरण्याआधीच फुटल्या, आणि त्यातून त्यांनी मध्ये तांब्याची आडभिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत जात राहतो. त्या हंगामानंतर मी अशा नियंत्रित फुलणाऱ्या किंवा अखंड तांब्याच्याच गोळ्या वापरतो. तिसऱ्या वर्षी २६० यार्डांवर, ओढ्यापलीकडे उभ्या असलेल्या मादीच्या दोन्ही फुप्फुसांतून अशी गोळी आरपार गेली आणि ती चाळीस पावलांच्या आत पडली. कॅलिफोर्नियात जाणाऱ्यांना तर शिसेविरहित गोळीच घ्यावी लागते; तेथे जुलै २०१९ पासून शिकारीसाठी ती सक्तीची आहे.

नव्या स्पर्धकांचा उल्लेख करायला हवा. २०२२ मध्ये आलेले हॉर्नडीचे ७ एमएम पीआरसी हे आराखडा म्हणून अधिक शहाणे काडतूस आहे. त्याला पट्टा नाही, आणि त्याच्या नळीतील पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचांचे वळण, अधिक घट्ट असल्यामुळे १७५-१८० ग्रेनच्या अतिलांब गोळ्याही स्थिर राहतात. जुन्या रेमिंग्टन मॅग्नमच्या नळ्यांत साधारण साडेनऊ इंचांना एक फेरा असतो आणि त्या गोळ्या त्यांना झेपत नाहीत. आज कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्याने, विशेषतः दूरच्या लक्ष्यांवर मैदानी सराव करण्याची आवड असेल तर, पीआरसीच पाहावे. सहा दशकांच्या प्रचारामुळे जुन्याची काडतुसे डोंगरातल्या लहान गावाच्या दुकानातही मिळतात, ही त्याची बाजू. विमानात सामान हरवल्यावर या गोष्टीची किंमत कळते.

केवळ लहान हरणांसाठी आणि प्राँगहॉर्न या काळविटासारख्या प्राण्यासाठी रायफल घ्यायची असेल तर मॅग्नम मुळीच घेऊ नये; .२७० विंचेस्टर १९२५ पासून ते काम कमी दारूत, कमी धक्क्यात आणि कमी खर्चात करीत आहे. कोलोरॅडोचा नियमही एल्कसाठी .२४ कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा एवढेच मागतो. एल्कला मी त्याहून बरेच अधिक देऊ इच्छितो, कारण तीनशे किलोंचा नर जखमी अवस्थेतही दरी ओलांडून जातो.

नळी २४ इंचांहून आखूड घेऊ नये. आखूड नळीत हे काडतूस आवाज आणि ज्वाळा तेवढी मॅग्नमची ठेवते, वेग मात्र साध्या काडतुसाच्या जवळ जातो. माझ्या पाहण्यातल्या दोन जणांनी वजन वाचवण्यासाठी २० इंची नळी घेतली आणि दोघांनीही पुढच्या हंगामाआधी ती विकली.