हिकावा मारू, योकोहामा: ३०० येनांत सगळी बोट, पण वेळ इंजिनरूमसाठी राखा

यामाशिता पार्कच्या कडेला कायमची नांगरलेली 'हिकावा मारू' पाहायला जाताना 'क्वीन मेरी' या अवाढव्य ब्रिटिश प्रवासी बोटीचा थाट डोक्यात ठेवू नका. ही ११,६२२ टनांची, १६३ मीटर लांबीची मध्यम बोट. १९३० साली योकोहामातच बांधली आणि निप्पॉन युसेन कंपनीने सिअ‍ॅटलच्या फेरीवर घातली. (याच कंपनीची पहिली दूरची फेरी १८९३ची, कोबे ते मुंबई, कापसासाठी, त्यामागे टाटांचा हात होता.) हिकावा मारूच्या जोडीच्या हिए मारू आणि हेइआन मारू दुसऱ्या महायुद्धात बुडाल्या. ही इस्पितळ-बोट झाली, तीनदा सुरुंगाचा दणका खाऊनही तरली.

मोतोमाची-चुकागाई स्टेशनपासून पायी चार-पाच मिनिटं. प्रौढांचं तिकीट ३०० येन. फिरण्याचा मार्ग आखलेला आहे: आधी पहिला वर्ग, मग डेक आणि ब्रिज (बोट हाकायची जागा), त्यानंतर इंजिनरूम, शेवटी तिसरा वर्ग. बहुतेक लोक पहिल्या वर्गाच्या जेवणघरात फोटो काढत रेंगाळतात आणि इंजिनरूमपर्यंत पोचताना दमलेले असतात. उलट करा. सलून, स्मोकिंग रूम भराभर पाहा. सजावट मार्क सिमों या फ्रेंच डिझायनरची, आर्ट डेको (तेव्हाची भौमितिक नक्षीची शैली), देखणी आहे यात वाद नाही. फक्त मधल्या जिन्याच्या कठड्यापाशी थांबा: जाळीत ढगांची नक्षी दिसते, ते हिकावा देवस्थानाचं चिन्ह. बोटीचं नाव तिथूनच आलं. चार्ली चॅप्लिन १९३२ मध्ये याच बोटीने जपानहून परतला, ज्यूदोचे जनक कानो जिगोरो १९३८ मध्ये हिच्यावरच वारले.

खरा ऐवज खाली आहे. बर्माइस्टर अँड वाइन या डॅनिश कंपनीची दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी आठ सिलिंडर, उंचीला कित्येक मजली. दोन्ही मिळून ११,००० अश्वशक्ती. यांची खुबी अशी, की नेहमीच्या डिझेलमध्ये पिस्टनच्या एकाच अंगाला इंधन पेटतं, इथे वर आणि खाली दोन्हीकडे. तेवढ्याच सिलिंडरांतून जास्त जोर मिळतो, पण किंमत मोजावी लागते. खालच्या अंगाला पिस्टनचा दांडा सिलिंडरच्या तळातून बाहेर येतो, त्याभोवतीच्या पॅकिंगला (फट बंद ठेवणाऱ्या कड्यांना) सतत तापलेल्या वायूची झळ, आणि ते झिजलं की गळती सुरू. दांडा मधोमध असल्याने खालचे व्हॉल्व्ह आणि इंधनाचे फवारे बाजूला सरकवावे लागतात, म्हणजे दुरुस्तीला हात घालणंही जिकिरीचं. पुढे सिलिंडरमध्ये दाबून हवा भरणारे टर्बोचार्जर रुळले तशी ही तऱ्हा मागे पडली, त्यामुळे जागच्या जागी उभी असलेली अशी जोडी पाहायला मिळणं दुर्मीळ. वरच्या जाळीवरून सिलिंडरची डोकी दिसतात, मग एकेक मजला उतरत जा. एकदम तळाला गेलात तर यंत्राचा आवाका कळत नाही.

तिथून वर येताच तिसऱ्या वर्गाची खोली लागते. आठ जणांचे दुमजली बंक, मधे उभं राहण्यापुरती जागा. वरच्या खास केबिनची रंगीत काच डोळ्यांसमोर ताजी असतानाच हे दिसतं, म्हणून क्रम अगदी चोख जमलाय.

जिने खडे आणि अरुंद आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना इंजिनरूम झेपणार नाही. दीड तास हाताशी ठेवा. दुपारी बाराला भोंगा वाजतो, तेव्हा डेकवर असाल तर उत्तम. सोमवारी बंद, साडेचारनंतर आत सोडत नाहीत.