ग्रीन कार्डाचा कोटा: आयरिश वाट की ७ टक्क्यांची अट काढणं?

अमेरिकी नागरिक झालेल्या मराठी माणसाला ग्रीन कार्डाच्या (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या) कोट्याबद्दल आपल्या काँग्रेसमनला, म्हणजे तिथल्या खासदाराला, पत्र लिहायचं असेल, तर मागायचं काय हे आधी ठरवावं लागतं. कोटा न्याय्य करायच्या दोन वाटा तिथे कधीपासून मांडल्या जातायत.

पहिली वाट आयरिश लोकांची. १९६५पूर्वी आयर्लंडला वर्षाला १७ हजारांवर जागा होत्या आणि भारताला १९४६नंतर जेमतेम १००, त्यामुळे देशवार जागांची ती पद्धत १९६५च्या कायद्याने मोडली याचं दुःख आपण करायचं कारण नाही. पण नव्या कायद्यात जवळचा नातेवाईक किंवा अर्ज करणारा मालक लागे. आयरिशांचे नातलग दोन-तीन पिढ्यांपूर्वीच गेलेले, म्हणून त्यांचं दार जवळजवळ बंद झालं. १९८०च्या दशकात बेकारीने बाहेर पडलेले आयरिश तरुण टूरिस्ट व्हिसावर बॉस्टन-न्यूयॉर्कला आले आणि कागदांविना राहिले. त्यांच्या चळवळीने जोर लावला. १९८६च्या कायद्यातून डोनेली व्हिसा आले, म्हणजे १९६५नंतर मागे पडलेल्या देशांसाठीच्या ग्रीन कार्डाच्या खास जागा. १९९०च्या कायद्याने तशाच जागा मॉरिसन व्हिसा या नावाने दिल्या: तीन वर्षं दरसाल ४० हजार, त्यातले ४० टक्के आयर्लंडसाठी. त्यातूनच पुढे ग्रीन कार्डांची लॉटरी (सोडत) आली. पाच वर्षांत ५० हजारांवर माणसं पाठवणारे देश तिच्यातून वगळले जातात, म्हणून भारत तिच्यात नाही.

दुसरी वाट ७ टक्क्यांची अट काढण्याची. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. एका देशाला साधारण ७ टक्के. आइसलँडला तेवढीच मर्यादा, भारतालाही तेवढीच! शिवाय मोजतात तो जन्मदेश. पुण्यात जन्मलेल्याने कॅनडाचा पासपोर्ट घेतला तरी तो भारताच्याच रांगेत. जोडीदार दुबईत जन्मलेला असेल तर मात्र त्याच्या रांगेतून जाता येतं. रांग सरकेपर्यंत मूल २१ वर्षांचं झालं, तर ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं.

आयरिश वाटेचा फायदा असा की मागणी छोटी असते आणि तिच्यामागे मतदार असतात. तरी तीही अडकते. ऑस्ट्रेलियनांसाठी राखलेल्या ई-३ या नोकरीच्या व्हिसातल्या उरलेल्या जागा आयरिशांना द्यायचं विधेयक २०१८मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं. अट काढण्याचं विधेयक २०१९मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी गेलं, सिनेटने २०२०मध्ये वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसला नाही.

तत्त्व म्हणून मला दुसरी वाट पटते. पण एकूण आकडा तोच ठेवून अट काढली, तर भारतीयांची रांग थोडी आखडेल आणि फिलिपिन्सच्या नर्सची लांबेल. म्हणून पत्रात मी आधी मागेन ते वेगळंच: जोडीदार आणि मुलं त्या १,४०,०००मध्ये मोजू नका. आज निम्म्याहून अधिक जागा त्यांनाच जातात. हे झालं तर ७ टक्क्यांची अट काढताना इतरांच्या ताटातलं कमी काढून घ्यावं लागेल, आणि आयरिशांनी मागितलेल्या चार जागांनाही विरोध करायची वेळ आपल्यावर येणार नाही.